आधी टायर, मग विंच

नाशिकला गोदेच्या पुरात घरच्यांना घेऊन निघायला महागडी फोर बाय फोरच (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) हवी असं नाही. नीट राखलेली जुनी बोलेरोही पुरते: वेगळी चासी (गाडीचा खालचा सांगाडा), उंच बांधणी, पार्ट कुठेही मिळतात. घेण्याआधी लिफ्टवर चढवून चासीचा गंज बघा. सीटखालचं कार्पेट उचला. सीटच्या रेलवर गाळ सापडला तर गाडी बुडालेली आहे, सरळ सोडून द्या.

पहिला पैसा टायरवर घाला. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक होतं, ओल्यात घसरतं.

गाडीत कायम:
- हवा भरलेली स्टेपनी, १२ व्होल्टचा पंप
- जॅकखाली ठेवायला जाड प्लायवूडचा फूटभर लांबीचा तुकडा, नाहीतर चिखलात जॅक खचतो
- टो-दोरी (गाडी ओढायची); ती टो-हुकलाच बांधा, बंपरला नको
- पावसाळाभर किमान अर्धी टाकी डिझेल

नवखे हमखास चुकतात ते कॅरिअरवर सामान रचण्यात. जड वस्तू खाली, मागच्या सीटला टेकवून ठेवा.

दुसरी चूक, वाहत्या पाण्यात गाडी घालणं, जिवावर बेतते. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी उचलली जाते, दोन फुटांत बोलेरोही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) पुढच्या वर्षी बघू. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचं कळलं की निघा, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या (पुराची पातळी ज्या मूर्तीवरून मोजतात तिच्या) कमरेला पाणी लागायची वाट बघू नका.