हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

प्रश्न : फैजपूर अधिवेशनावरील इंग्रजी निबंधात ‘हिस्टॉरिक’ लिहावे की ‘हिस्टॉरिकल’?
— एक विद्यार्थिनी, यावल

उत्तर : विषय आपण फार चांगला निवडला आहे. इतिहासाशी संबंध असलेल्या कोणत्याही गोष्टीला ‘हिस्टॉरिकल’ म्हणतात. मात्र जिचे महत्त्व इतिहासात कायम राहते, अशा घटनेला ‘हिस्टॉरिक’ हेच विशेषण शोभते. १९३६ साली फैजपूरला भरलेले अधिवेशन हे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिलेच अधिवेशन असल्यामुळे ‘द फैजपूर सेशन वॉज हिस्टॉरिक’ असे लिहावे आणि त्या वेळची पत्रे, छायाचित्रे यांना ‘हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स’ म्हणावे. ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ यांतही अशीच गल्लत होते : केळीचे भाव कोसळणे हा ‘इकॉनॉमिक प्रॉब्लेम’, तर पाण्याची बचत करणारे ठिबक ‘इकॉनॉमिकल’.