पिंप, केग आणि पबचं तळघर: वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधल्या पारंपरिक ‘रिअल एल’बद्दल आणि नव्या क्राफ्ट बिअरबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: लंडनच्या एका जुन्या पबमध्ये हँडपंपाने ओढून दिलेली बिअर प्यायलो. कोमट होती, गॅस जवळजवळ नव्हताच. बरोबरचे इंग्रज सहकारी म्हणाले, रिअल एल अशीच असते. दोन दिवसांनी एका क्राफ्ट बारमध्ये थंडगार, गढूळ, हॉप्सचा (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) घमघमाट असलेली आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, प्यायलो आणि फार आवडली. मग जुन्या मंडळींचा एवढा आग्रह कशासाठी? (एक वाचक, रेडिंग)

सहकाऱ्यांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं. रिअल एल कोमट नसते आणि मेलेलीही नसते. ती ११ ते १३ अंश सेल्सिअसला मिळायला हवी. जिभेला ती गार लागते, फक्त बर्फासारखी नाही. तुम्हाला मिळाला तो बिघडलेला ग्लास होता.

रिअल एल ब्रुअरीतून निघते तेव्हा ती पूर्ण झालेली नसते. गाळून, तापवून त्यातलं यीस्ट मारलेलं नसतं. ते जिवंत असतं आणि पिंपात, म्हणजे कास्कमध्ये, गेल्यावरही उरलेली साखर खाऊन थोडा गॅस तयार करत राहतं. या दुसऱ्या आंबवणीनंतर, वरून कार्बन डायऑक्साइड न ढोसता, त्याच पिंपातून जी ग्लासात येते ती रिअल एल. केग म्हणजे बहुधा धातूचं बंद भांडं, त्यातली बिअर मात्र बाटलीबंद गॅसच्या दाबाने वर ढकलली जाते.

हे १२ अंशांचं प्रकरण निव्वळ रिवाजाचं नाही. पिंपाचं तोंड हवेला उघडं असताना १२ अंशांवर एक लिटर बिअरमध्ये साधारण १.१ लिटर गॅस विरघळून राहू शकतो. ओठांना हलकी चुणचुण जाणवायला तेवढा पुरतो. तळघर २० अंशांवर गेलं की तोच आकडा ०.९ लिटरच्या खाली येतो. म्हणजे कोमटपणा आणि सपाटपणा हे दोन वेगळे दोष नाहीत, एकातूनच दुसरा येतो. केगमध्ये दाबामुळे हेच प्रमाण २.२ ते २.६ असतं, म्हणून ती बिअर जास्त थंड प्यावी लागते. कोमट झाली तर नुसता फेस होतो.

पुढच्या वेळी असा ग्लास आला तर एक घोट घेऊन शांतपणे परत द्या. चांगला पब वाद न घालता बदलून देतो. अर्धा ग्लास संपवून तक्रार करू नका, एवढंच.

प्रश्न: रिअल एलवाले म्हणजे केगचं नाव काढलं की नाक मुरडणारे हटवादी म्हातारे, असं आमच्या बंगळुरूच्या गटातल्या सगळ्यांचं मत आहे. ते खरं आहे का? (एक वाचक, बंगळुरू)

ज्यांनी ही चळवळ सुरू केली ते चौघे तेव्हा तरुण होते. १९७१ साली आयर्लंडच्या केरी परगण्यात सुटीवर असताना त्यांनी ‘कॅमरा’ (कॅम्पेन फॉर रिअल एल) ही संघटना काढली. त्यांचा राग समजून घ्यायचा तर त्या काळचं केग डोळ्यांसमोर आणावं लागेल. ब्रिटनचा बिअर-धंदा तेव्हा सहा बड्या कंपन्यांच्या हातात आला होता. बिअर गाळायची, पाश्चराइज करायची, गॅस भरायचा आणि टीव्हीवर जाहिरात करून देशभर एकाच चवीची विकायची, असा तो मामला. वॉटनीज रेड बॅरल हे त्याचं गाजलेलं उदाहरण. गावोगावच्या ब्रुअऱ्या विकत घेऊन बंद पाडल्या जात होत्या. त्यांच्याबरोबर तिथल्या बिअरची वेगळी चवही संपत होती. त्या परिस्थितीत ‘केग नको’ म्हणणं हटवादीपणाचं नव्हतं. ते म्हटलं गेलं म्हणूनच पिंपातली बिअर आज शिल्लक आहे.

घोटाळा पुढे झाला. २००२ साली ब्रिटनमध्ये छोट्या ब्रुअऱ्यांना करसवलत मिळाली आणि त्यांची संख्या भराभर वाढली. अमेरिकी हॉप्स आले, २००७ मध्ये स्कॉटलंडात ब्रूडॉग सुरू झाली, आणि तरुण ब्रुअर केग वापरू लागले. पण त्यांच्या केगमधली बिअर बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली नसते, बऱ्याचदा गाळलेलीही नसते. भांडं तेच राहिलं, आतला ऐवज बदलला. जुन्या पिढीतल्या अनेकांनी मात्र भांडं बघूनच निकाल देणं चालू ठेवलं. तिथे त्यांचं चुकलं असं आम्ही स्पष्ट म्हणतो.

कॅमराने हळूहळू वाट मोकळी केली हेही सांगायला हवं. की-केग नावाच्या भांड्यात बिअर एका पिशवीत असते आणि गॅस पिशवीबाहेरून दाब देतो, बिअरला शिवत नाही. आत जिवंत यीस्ट असेल तर तीही रिअल एल, हे त्यांनी २०१५ मध्ये मान्य केलं. २०१८ मध्ये सर्व दर्जेदार बिअरला सामावून घेणारा उद्देश संघटनेच्या घटनेत घालायचा ठराव आला. त्याला ७५ टक्के मतं हवी होती, ती थोडक्यात हुकली.

आमचं मत विचाराल तर भांडं बिअर पाहून निवडावं. हॉप्सचा ताजा फळासारखा वास हवेतल्या प्राणवायूने झपाट्याने उडतो, म्हणून सहा-सात टक्के अल्कोहोलची गढूळ आयपीए केगमध्ये किंवा कॅनमध्येच शोभते. चार टक्क्यांच्या आसपासची बिटर किंवा माइल्ड, या जुन्या इंग्रजी धाटणीच्या एल, मात्र केगमध्ये घातली तर तिची माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची), बिस्किटासारखी नाजूक चव गारठ्यात आणि गॅसच्या टोचणीत हरवते. हार्वीज ससेक्स बेस्ट ही बिटर पिंपातून प्यावी आणि मग तीच बाटलीतून. फरक सांगावा लागत नाही.

प्रश्न: लेस्टरजवळच्या एका पबमध्ये मी नुकताच सहायक व्यवस्थापक झालो आहे. केगची सवय आहे, पण आता पिंपांची जबाबदारी आली. बिअर कधी गढूळ येते, कधी नुसता फेस, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबट लागते. नेमकं काय करावं? (एक वाचक, लेस्टर)

आधी पिंपाचा आकार ठरवा, कारण निम्मा बिघाड तिथे होतो. फर्किन म्हणजे ९ गॅलन, ७२ पाइंट (एक पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा जास्त). किल्डरकिन फर्किनच्या दुप्पट आणि पिन फर्किनच्या निम्मं. तोंड उघडलेलं पिंप तीन दिवसांत संपायला हवं. दिवसाला २४ पाइंट खपत नसतील तर फर्किन मागवू नका, पिन मागवा किंवा हँडपंप कमी करा. बारवर आठ हँडपंप दिमाखात उभे आणि गिऱ्हाईक चार, अशा पबमध्ये आंबट बिअर ठरलेलीच.

पिंप आलं की ते लगेच स्टिलेजवर, म्हणजे घोडीवर, आडवं ठेवा. पोटावरचं शाइव्ह नावाचं बूच बरोबर वर आलं पाहिजे आणि तोटीसाठीचं कीस्टोन समोर खाली. लाकडी पाचरी लावून घट्ट बसवा. त्यानंतर ते हलता कामा नये. गाळ पोटात बसायचा असतो आणि एक धक्का लागला तरी सगळं पुन्हा उसळतं.

पिंप तळघराच्या तापमानाला आलं की शाइव्ह स्वच्छ पुसून त्यात मऊ स्पाइल ठोका. ही सच्छिद्र लाकडाची खुंटी, तिच्यातून जादा गॅस बाहेर पडतो. फेस येईल तो पुसत राहा, आणि खुंटी यीस्टने बुजली की बदला. पुसून घेतल्यावर फेस पुन्हा धरायला काही सेकंद लागू लागले, बुडबुडे तुरळक झाले, की मऊ खुंटी काढून कडक स्पाइल बसवा. आता उरलेला गॅस आत राहील. किती वेळ लागेल ते घड्याळ सांगत नाही, बिअर सांगते. काही एका दिवसात शांत होतात. टिमथी टेलरच्या लँडलॉर्डसारखी जोरकस बिअर कित्येक दिवस मागते, आणि तिला घाई केलेली अजिबात खपत नाही.

विक्रीच्या २४ तास आधी कीस्टोन निर्जंतुक करून स्वच्छ तोटी लाकडी हातोड्याच्या एकाच ठाम घावाने आत घाला. घाबरत चार वेळा ठोकलं तर बिअर अंगावर येते आणि गाळही ढवळला जातो. दुसऱ्या दिवशी थोडी ग्लासात काढून उजेडात धरा, वास घ्या, चव बघा. स्वच्छ असेल तरच पाइप जोडा. विक्री चालू असताना कडक स्पाइल काढावीच लागते, नाहीतर आत पोकळी होऊन बिअर ओढली जात नाही. बार बंद झाला की ती परत लावायची. हे रोजचं काम विसरलं जातं आणि सकाळी बिअर सपाट मिळते.

पिंप साधारण निम्मं झालं की मागची बाजू अगदी हळू, दोन-तीन इंच उचला. अगदी शेवटी उचललंत तर गाळ तोटीत येईल. तळचे दोन-चार पाइंट वाया जाणारच, ते हिशेबात धरा.

आता तुमचे तीन दोष. गढूळपणा आला तर आधी विचारा, पिंप हललं का, पुरेसं थांबलात का. दोन्ही ठीक असेल तर तापमान बघा. १० अंशांच्या खूप खाली गेलं की प्रथिनांचा धूसरपणा येतो. उलट पिंप उन्हात तापलं असेल तर गाळ खाली बसवणारं फायनिंग निकामी होतं आणि मग कितीही थांबून उपयोग नाही, पिंप परत पाठवावं. नुसता फेस येत असेल तर गॅस पुरेसा सोडलेला नाही किंवा तळघर गरम आहे. आंबटपणाचं कारण हवा. प्रत्येक पाइंट निघाला की तेवढीच हवा आत शिरते, आणि चौथ्या दिवशी व्हिनेगरचे जंतू कामाला लागतात. कास्क ब्रीदर नावाचं उपकरण हवेऐवजी नगण्य दाबाचा कार्बन डायऑक्साइड आत सोडतं. कॅमराने त्याचा विरोध २०१८ मध्ये सोडला. कमी खपाच्या पबने ते बेलाशक वापरावं.

दर सात दिवसांनी पाइप धुवा. द्रावण उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच घ्या, अर्धा तास पाइपात ठेवा, मधे दर दहा मिनिटांनी थोडं पुढे ओढा. मग पाण्याने इतकं धुवा की निसरडेपणाही उरणार नाही. रात्रभर पाइपात राहिलेली बिअर सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला देऊ नका, ओतून टाका.

प्रश्न: रिअल एलमध्ये माशाचा अंश असतो असं ऐकलं. आम्ही शाकाहारी आहोत. खरं काय? (एक वाचक, मँचेस्टर)

बऱ्याच पिंपांच्या बाबतीत खरं आहे. वरच्या उत्तरात सांगितलेलं, गाळ खाली बसवणारं फायनिंग म्हणजे बहुधा आयसिंग्लास, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेलं प्रथिन. त्याच्यावर धन विद्युतभार असतो आणि यीस्टवर ऋण, म्हणून दोन्ही चिकटून गोळे होतात आणि तळाशी बसतात. पालघरचे कोळी घोळ माशाच्या ज्या पिशवीला ‘बोत’ म्हणतात आणि जिला सोन्याचा भाव येतो, ती याच प्रकारची. आयसिंग्लास जवळजवळ सगळं गाळात राहतं, पण पूर्ण शाकाहारी माणसाला ‘जवळजवळ’ पुरत नाही.

बारवर ‘फाइन्ड आहे का’, म्हणजे फायनिंग घातलेली आहे का, असं विचारा. ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हीगन’ लिहिलेलं असेल तर निश्चिंत राहा. अशी बिअर थोडी धूसर दिसेल आणि तो दोष नसतो. गढूळ बिअर म्हणजे खराब बिअर हे जुन्या पिढीच्या मनात घट्ट बसलेलं आहे. या बाबतीत क्राफ्टवाल्यांनी गिऱ्हाइकांची नजर बदलली हे त्यांचं चांगलं काम. फक्त यीस्टचा कडवट, पिठूळ गाळ तोंडात आला तर ‘क्राफ्ट आहे’ म्हणून पदरात घेऊ नका.

प्रश्न: पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत मिळते ती रिअल एल का? (एक वाचक, कोथरूड)

सहसा नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, पुढे अनेक ब्रुअऱ्या आल्या, आणि त्यांतली बिअर ताजी आणि बहुधा न गाळलेली असते. पण ती थंड ठेवलेल्या टाकीतून किंवा केगमधून, दाबाखाली येते. चवीच्या दृष्टीने ती चांगली क्राफ्ट बिअर, पिंपातली एल नव्हे.

तशी इथे करता येणार नाही असं नाही. पण एप्रिल-मे महिन्यात पिंप चोवीस तास १२ अंशांवर ठेवणारी वेगळी खोली लागेल, आणि थंडगार ग्लासाची सवय असलेलं गिऱ्हाईक तीन दिवसांत ७२ पाइंट संपवेल याची खात्री लागेल. सुरुवात पिनने, एखाद्या ठरावीक शुक्रवारी, आधी सांगून करावी.

गंमत म्हणजे पिंपातली जिवंत बिअर मुंबईला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनची हॉजसनची आणि नंतर इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ब्रुअऱ्यांची भरपूर हॉप्स घातलेली पेल एल लाकडी पिंपांतून, आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिन्यांनी हिंदुस्थानच्या बंदरांत उतरायची. आजच्या प्रत्येक क्राफ्ट बारमधली आयपीए तिचंच नाव लावते.

प्रश्न: हँडपंपाच्या नळीला कुठे छोटी चाळणी लावतात, कुठे नाही. काय मागावं? (एक वाचक, लीड्स)

ती चाळणी म्हणजे स्पार्कलर. बारीक छिद्रांतून बिअर जोराने गेली की दाट, सायीसारखा फेस येतो आणि गॅस थोडा कमी होतो. तुमच्या यॉर्कशरमध्ये बिअर त्या हिशेबानेच बनते, तिथे ती असू द्या. दक्षिणेत बहुधा लावत नाहीत. तिथे फेस पातळ दिसला तर ग्लास परत करू नका, आधी चव घ्या. आणि कुठेही चाळणी काढून हवी असेल तर मागा, वळवून काढायला दोन सेकंद लागतात.