‘तुमच्याकडे असेल तसं’

ताई, माझं लग्न वेगळ्या भाषेच्या घरात झालंय. सासूबाई एकच प्रश्न दिवसभर विचारतात, गॅस चालू ठेवून विसरतात, मध्यंतरी घराचा रस्ता चुकल्या. माझ्या बाबांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला तेव्हा आम्ही लगेच डॉक्टर गाठले, मदतीला बाई ठेवली. इथे नणंद म्हणते, “वय झालं की होतंच, आईला परक्याच्या हाती देणार नाही.” रात्री तीच जागते. पाहुणे आले की सासूबाईंना आतल्या खोलीत बसवतात. मी बोलले की “तुमच्याकडे असेल तसं.” नवरा गप्प.
– एक सून

तुमची शंका रास्त आहे. ओळखीचा रस्ता चुकणं हे नुसतं म्हातारपण नव्हे. पण माहेरचा दाखला देणं आजपासून बंद करा. तो खरा असला तरी झोंबतो. आणि ‘वय झालं’ हा समज काही त्या एकाच घराचा नाही. अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या संस्थेच्या २०२४च्या जागतिक पाहणीत ८० टक्के सर्वसामान्य लोकांनी हेच म्हटलं होतं.

सासरी दोन गोष्टी एकात एक गुंतल्यात. पाहुण्यांपासून लपवणं ही लाज आहे. काही घरांत या आजाराला वेडाचा डाग समजतात. नणंदेचं जागणं मात्र कर्तव्य आहे, आणि मदतनीस ठेवणं म्हणजे आईला टाकणं, असं तिला वाटतं. लाजेवर डॉक्टर बोलू देत, तुम्ही नको. सासूबाईंना ‘विसरता म्हणून दाखवायचंय’ असं सांगून नेऊ नका, रक्ततपासणीला म्हणून न्या. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं यांनीही विसरायला होतं, आणि त्यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. हे कारण कुणालाही पटेल, शिवाय ते खोटंही नाही. नणंद आणि नवरा, दोघंही त्या वेळी सोबत हवेत.

मदतनीस नणंदेलाच निवडू द्या. अट एकच, तिला सासूबाईंची भाषा यायला हवी. या आजारात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, लहानपणची टिकते. सुरुवातीला दुपारचे दोन-तीन तासच बोलवा, म्हणजे नणंदेला झोप मिळेल. आंघोळ, औषधं हवं तर तिच्याकडेच राहू देत. सगळं एकदम काढून घेतलंत तर ती बाई आठवडाभरही टिकणार नाही.

गॅसचा मुख्य नॉब बंद ठेवणं आणि सासूबाईंच्या जवळ पत्ता-फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवणं, यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका.

खरं सांगू? नणंदेच्या विरोधापेक्षा तुमच्या नवऱ्याचं गप्प राहणं मला जास्त खटकलं. आई त्यांची आहे. बहिणीशी त्यांनीच बोलावं, त्यांच्या भाषेत, तुम्ही समोर नसताना.

आणि सासूबाईंना स्वतःला काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. बँकेचे व्यवहार कुणी पाहायचे, जवळ कोण असलेलं आवडेल, हे त्यांना सांगता येतंय तोवर विचारून घ्या. सकाळी, त्यांचं डोकं ताजं असताना.