पेप्टिक अल्सरची गुंतागुंत खरंच कमी झाली आहे का?

पेप्टिक अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला झालेली जखम; तिथून रक्तस्राव होणं किंवा छिद्र पडणं ही त्याची गुंतागुंत. तिचं एकूण प्रमाण घटलंय, पण सगळीकडे आणि सगळ्या वयांत सारखं नाही. सर्वसामान्य लोकसंख्येच्या अभ्यासांत वर्षाला दर लाखामागे साधारण १९ ते ५७ जणांना अल्सरमधून रक्तस्राव होतो, तर ४ ते १४ जणांच्या जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला आरपार छिद्र पडतं. छिद्र पडणं कमी आढळतं, पण जास्त जीवघेणं ठरतं.

घट होण्याचं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग नव्या पिढ्यांत कमी होणं. त्यावरचे उपचार आणि ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधंही आली. जिथे संसर्ग अजून व्यापक आहे, तिथे तरुण रुग्णही दिसतात.

उलट दिशेने ओढणारी गोष्ट म्हणजे वाढतं वय आणि वेदनाशामकं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी होतं. सोबत रक्त पातळ करणारं औषध असेल तर धोका आणखी वाढतो. वृद्धांत अनेकदा आधी पोटदुखीच होत नाही, थेट रक्तस्रावच होतो. म्हणून ही औषधं दीर्घकाळ लागणार असतील तर जिवाणूची तपासणी आणि जठराला जपणारी ओमेप्राझोलसारखी गोळी याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

जिवाणूवर उपचार झाल्यावर तो गेला का, हेही तपासावं लागतं: अँटिबायोटिक संपून किमान ४ आठवडे आणि ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी थांबवून २ आठवडे झाल्यावर. घाईत केलेली चाचणी जिवाणू असूनही खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मात्र गोळी डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी किंवा अचानक असह्य पोटदुखी होऊन पोट कडक झालं, तर लगेच रुग्णालय गाठा.