बाबांची साइट बंद करण्याआधी ‘विदर्भ’ शोधून बघा

ताई, बाबा गेले, त्यांचे २००४ पासूनचे नागपूरवरचे लेख साइटवर आहेत, डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं, बिल आलंय. सगळं उतरवून साइट बंद केली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. घाई नका करू जी. यंदाचे पैसे भरून टाका. मुदत टळली की नाव परत मिळवायला भुर्दंड पडतो, आणि मग ते कुणीही उचलतं.

बॅकअपचं म्हणाल तर मी स्वतः पोळलोय. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाची साइट सांभाळायचो. होस्टिंग बदलताना वर्डप्रेसची (साइट त्यावरच चालायची) एक्स्पोर्ट फाइल काढली आणि निवांत झालो. त्या फाइलीत मजकूर असतो, फोटोंचे मात्र नुसते पत्ते. जुना सर्व्हर बंद झाला आणि मारबतीच्या मिरवणुकीचे, त्यातल्या बडग्यांचे म्हणजे पुतळ्यांचे, सगळे फोटो गेले. बडग्यांवरच्या त्या तिरकस पाट्या आता कुठून आणू? म्हणून अपलोड्सचं, म्हणजे फोटो असतात ते, फोल्डर वेगळं उतरवा, आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा.

पण तुमच्याकडे खरी गोम फॉन्टची असणार. त्या काळात बरेच जण युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालतं त्या देवनागरीत, लिहीत नसत. श्रीलिपी, कृतिदेव असले फॉन्ट. आत इंग्रजी अक्षरंच, वर देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट नसला की पानावर नुसता काला. जुनी वेबपानं साठवून ठेवणारं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे, तिथे पानं जरूर जतन करा, पण तेही हा काला जसाच्या तसा ठेवणार.

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात. फक्त विश्वास ठेवू नका. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ‘विदर्भ’ शब्दात दोन्ही आहेत, आणि बाबांच्या लेखात तो पानोपानी असेल. बदललेल्या फाइलीत ‘विदर्भ’ शोधा. सापडला नाही, किंवा मोजकाच सापडला, तर कन्व्हर्टर चुकतोय. मी असे चाळीसेक लेख भर मे महिन्यात, कुलरसमोर बसून, ओळ न् ओळ तपासलेत. दिवसाला दोन झाले तरी पुष्कळ.

आणि बाबांचा जुना कॉम्प्युटर घरी असेल तर दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्याला देऊ नका. त्यातली फॉन्टची फाइल आधी काढून घ्या.