जिना चढू की नको?

प्रश्न: मला पाचवा महिना लागलाय. तपासण्या व्यवस्थित आहेत, डॉक्टरांनी कसलंही बंधन घातलेलं नाही. नोकरी मात्र खुर्चीतली. घरी आले की सासूबाई हातातलं काम काढून घेतात. ‘जिना नको, वाकू नकोस,’ असं मायेनंच सांगतात. संध्याकाळी पाय सुजतात. व्यायामाचा क्लास लावायला वेळ नाही. रोजच्या कामांतून पुरेशी हालचाल होईल का?

उत्तर: होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली गरोदर स्त्रियांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सुचवली आहे. ती तुकड्यातुकड्यांनी केली तरी चालते. भरभर चालणं, जिना, घरकाम, सगळं त्यात धरायचं. काम करताना थोडा दम लागावा, पण पूर्ण वाक्य बोलता यावं. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करा.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या खुर्चीची. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब ओटीपोटातल्या शिरांवर येतो आणि पायांतलं रक्त वर यायला वेळ लागतो. ते वर ढकलतात पोटऱ्यांचे स्नायू, आणि बसून राहिलं की तेच थंडावतात. मी स्वतः डॉक्टर असून सातव्या महिन्यात ओपीडीत चार-चार तास उठत नसे. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतलेला असायचा. मग पुढच्या पेशंटला बोलवायला मी स्वतः दारापर्यंत जाऊ लागले. दर वेळी आठ-दहा पावलं, पण दिवसभरात तीसेक फेऱ्या व्हायच्या. आठवड्याभरात पट्टा सैल झाला. तुम्हीही फोन आला की उभ्या राहा, पाणी छोट्या पेल्यात घ्या, म्हणजे भरायला पुन्हा उठावं लागेल.

जिना जरूर चढा, कठडा धरून. पोट पुढे येतं तसा तोल बदलतो आणि पुढे पुढे स्वतःची पावलंही दिसेनाशी होतात, म्हणून उतरताना जास्त जपा. वाकायचं तर गुडघ्यांत वाका, वस्तू अंगाजवळ धरून उठा. अंथरुणातून सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातांनी रेटा देऊन बसा. उताणं फार वेळ पडू नका. जड ओझी उचलणं आणि स्टुलावर चढणं मात्र टाळा, त्या बाबतीत सासूबाईंनाच जिंकू द्या.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, छातीत दुखणं, चक्कर, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांतलं काहीही झालं तर थांबा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखत असेल, किंवा चेहरा-हात एकदम सुजून डोकं ठणकत असेल, तर तासभरही वाट पाहू नका.

पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच विचारा, ‘डॉक्टर, मी जिना चढू का?’