वाचकांचे प्रश्न : सोलापूरच्या उन्हात सेडम

प्रश्न : डिसेंबरात नर्सरीतून डाँकी टेल सेडम आणलं. फेब्रुवारीपर्यंत झकास होतं. एप्रिलपासून पानं गळायला लागली म्हणून रोज पाणी घालू लागलो, तर खोड बुडातून काळं पडलं. गच्चीवर दिवसभर ऊन असतं. (जुळे सोलापूर)

रोजच्या पाण्यानेच घात केला. जाड पानांत पाणी साठवणारं सेडम रात्री पानांची रंध्रं उघडून हवा आत घेतं आणि दिवसा ती मिटून पाणी वाचवतं. हा व्यवहार नीट चालायला रात्र थंड लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्या गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीही गरमच असतो. मग झाड वाढ थांबवतं, मुळं पाणी ओढत नाहीत आणि ओल्या, तापलेल्या मातीत कुजतात.

पान गळलं की झाड तहानलंय असं धरून चालू नका. तहानलेलं पान सुरकुततं. पाणी जास्त झालेलं पान पिवळट आणि आरपार दिसेल असं होतं, दाबलं की पाणी सुटतं. डाँकी टेलची धडधाकट पानं नुसत्या धक्क्यानेही गळतात, तेव्हा आधी गळलेलं पान हातात घेऊन पाहा.

उरलेलं वाचवायचं तर स्वच्छ ब्लेडने काळ्या भागाच्या वर खोड कापा. कापाच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. काप पूर्ण हिरवट-पांढरा दिसला पाहिजे. शेंडे सावलीत कागदावर तीन-चार दिवस सुकू द्या, मग कोरड्या मिश्रणात (प्रमाण पुढच्या उत्तरात) खोचा. पहिलं पाणी आठवड्याने. गळलेली चांगली पानं मिश्रणावर नुसती पसरा, पुरू नका. जुनी माती पुन्हा वापरायची नाही.

पुढच्या वर्षी मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत कुंडी पूर्वेकडे, सकाळचं ऊन मिळेल अशी ठेवा आणि दहानंतर 50 टक्क्यांची शेडनेट. काळी प्लास्टिकची कुंडी नको, मातीची घ्या, आणि ती स्लॅबवर थेट न टेकवता दोन विटांवर. काडी तळापर्यंत खुपसून कोरडी निघाली की आणखी दोन दिवस थांबा, मग दिवस मावळल्यावर पाणी द्या.

प्रश्न : बंगल्यापुढे काळी माती आहे. सेडम थेट जमिनीत लावता येईल का? (विजापूर रोड)

थेट नाही. काळी माती पावसात फुगते, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा बारीक मुळं तुटतात. खड्डा खणून त्यात चांगली माती भरली तरी भागत नाही, भोवतालचं पाणी त्या खड्ड्यातच येऊन साचतं. म्हणून जमिनीवर 25 सेंटिमीटर उंचीचा, एका बाजूला उतार असलेला ओटा करा.

मिश्रण : तीन घमेली विटांचा चुरा, एक घमेलं तांबडी माती, अर्धं घमेलं गांडूळ खत. चुरा चाळून 3 ते 6 मिलिमीटरचे खडे ठेवा. खाली पडलेली भुकटी घालायची नाही, तीच पाण्याने गच्च बसते. शेणखत हात सैल सोडून घातलं की फांद्या लांबट, पाणचट होतात आणि कुजायला निमित्त मिळतं. कुंडीसाठीही हेच मिश्रण चालतं. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालायची पद्धत मात्र सोडून द्या. पाणी थराच्या वरच्या मातीतच अडकून राहतं. भोक मोकळं असलं की पुरे.

लागवड ऑक्टोबरअखेर, पाऊस सरल्यावर. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत मुळं धरलेली असतात आणि उन्हाळ्याला तोंड द्यायला झाड तयार होतं. मृगात नाजूक रोप लावाल तर उत्तरा-हस्ताच्या झडीत जाईल. तेवढे दिवस ओट्यावर पारदर्शक पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवून.

सुरुवातीला जेली बीन सेडम आणि घोस्ट प्लांट लावा. ऑनलाइन दिसणारं मोठ्या गुलाबी तुऱ्यांचं सेडम थंड प्रदेशातलं, त्याला कडक हिवाळ्याची विश्रांती लागते. इथे त्यावर पैसे घालवू नका.

प्रश्न : पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतं. (सात रस्ता)

पिठ्या ढेकूण. कुंडी आधी बाकीच्यांपासून लांब ठेवा. मेडिकलमधलं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून प्रत्येक पुंजका टिपून काढा, आठवड्याने पुन्हा. अंडी एका वेळी संपत नाहीत. घोस्ट प्लांटच्या पानांवरची राखाडी पूड मात्र झाडाचीच असते, ती पुसू नका. कडूनिंबाचं तेल फवारायचं तर संध्याकाळीच, उन्हात पानं भाजतात. मुंग्यांची रांग दिसली तर तिचाही बंदोबस्त करा, पिठ्या ढेकणाचा गोड स्राव खाण्यासाठी त्या त्याला राखतात. एवढं करूनही झाड मलूल असेल तर कुंडीतून काढून मुळं पाहा. तिथेही पांढरं दिसलं तर मुळं धुवा, सुकवा आणि नव्या मिश्रणात लावा.

प्रश्न : कलांचोला दुसऱ्या वर्षी फूलच आलं नाही. (होटगी रोड)

गॅलरीत रात्री दिवा असतो का? कळी धरायला कलांचोला सहा आठवडे रोज 14 तास सलग अंधार हवा. ऑक्टोबरपासून संध्याकाळी सहाला खोकं पालथं घाला, सकाळी आठला काढा. मध्येच ट्यूब लावली तरी त्या रात्रीचा अंधार वाया जातो.

प्रश्न : छाटलेलं कलांचो आणि पानफुटी शेळीला घातली तर? (अक्कलकोट रोड)

अजिबात घालू नका. दोन्हींत हृदयावर परिणाम करणारं विष असतं, फुलांत जास्त. छाट कुंपणाबाहेरही टाकू नका, पानफुटी पडल्या पानावरून रुजते. शेळीने खाल्लीच तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच पशुवैद्याकडे न्या आणि काय, किती खाल्लं ते सांगा. डाँकी टेल विषारी नाही.